जुन्या लायनीवरच्या जावा

ऐका. ऐका म्हटलं म्हणून हात थांबवायचे नायत कुणी. वाल सोलता सोलता ऐका, नायतर गोष्ट बंद. दिवा जरा इकडं सरकवा गं, मला शेंगेतली कीड दिसत नाय. हां. आता बसा.

मोतीराम, तू मागं काय लपतोस? पुढं ये. तुझ्यामुळंच सांगायला लागतंय. म्हणे उद्या खालच्या बाजारातनं पत्रे आणणार, डोक्यावर घेणार आणि जुन्या लायनीनं घाट चढून येणार. अंधार पडला तरी काय झालं, म्हणे. लायनीचा चढ सोपा! अरे, तो सोपा आहे हे तू मला सांगतोस होय रे? माझी पाठ दिवसभर वाकून मोडलीय, मला झोपायचं होतं. पण तू ऐकणाऱ्यातला नाहीस. तेव्हा ऐक.

जुनी लायन म्हणजे काय ते तुम्हां पोरांना ठाऊक नाय. तुम्ही नुसती खडी बघितलीत. त्या खडीवरनं एकदा आगगाडी जायची. मालाची. खालच्या ठेसनातनं निघायची, आपल्या गावाच्या डोक्यावरनं पलीकडं देशावर. पण आपला घाट काय साधा! एका इंजिनाच्यानं गाडी वर यायची नाय. म्हणून मागनं दुसरं इंजिन लावायचे. पुढचं ओढी, मागचं रेटी. त्या मागच्याचं काम एवढंच, रेटायचं. गाडी वर पोचली की पुढचा डायवर शिट्टी द्यायचा. म्हणजे पोचलो, आता सोड. मग ते मागचं सुटायचं आणि रिकामं खाली यायचं. की परत दुसरी गाडी. की परत रेटायचं. दिवस नाय, रात्र नाय.

आणि ते इंजिन साधं नव्हतं बरं का. साहेबानं बोटीनं आणलेलं. हे एवढं लांब! पाणी उकळायची टाकी वर एकच, पण खाली चाकांची दोन बिऱ्हाडं, पुढची वेगळी आणि मागची वेगळी. मधे सांधा. वळणावर पुढची चाकं आधी वळायची, मागची मागनं. माझी सासू बघितलेली बाई, ती सांगायची, आपल्या बायकांनी त्याचं नाव ठेवलं होतं ‘जावा’. एक चूल आणि दोन जावा! दोघींचं जमलं की एका तालात, धप, धप, धप. आणि बिनसलं की एकीचं एक, दुसरीचं दुसरं, धपधप, धप, धपधप. घरात बसून कळायचं आज जावांचं जमतंय का नाय. हसू नकोस यशवदे, तुझ्या घरातलं पण आम्हांला इथं बसून कळतं.

तर एकदा दाट धुकं पडलं. हातभर लांबचं दिसत नव्हतं. गाडी वर पोचली. पुढच्यानं शिट्टी दिली का नाय, दिली तर मागच्याला ऐकू आली का नाय, देव जाणे. मागचं रेटतच राहिलं. चढ संपला, उतार लागला, तरी रेटतंय. पलीकडं तो पूल होता, खोल घळीवरचा. तिथं डबे एकमेकांवर चढले. पूल गेला. आणि जावा गेल्या खाली, डायवर आणि कोळसेवाल्यासकट.

मग लायन दुसरीकडनं काढली. रूळ उपटून नेले. खडी राहिली, पुलाचे दगडी खांब राहिले. आणि माणसं अंधार पडला की तिकडनं जायची बंद झाली. कुणी सांगायला लागलं नाय. आपोआप बंद झाली.

आता माझ्या घरातली गोष्ट. म्हणजे नवऱ्याचं नाव घ्यायला लागणार! जाऊ दे. सासू त्यांना कमळू म्हणायची, मी पण गोष्टीपुरतं कमळूच म्हणते. गेलेल्या माणसाला काय राग यायचाय.

माझी सासू लेकीकडं गेली होती, बायजावन्संकडं, घाटाखाली. चार दिवस राहते म्हणाली आणि तिकडंच आजारी पडली. छातीत कफ. उठवेना, बसवेना. निरोप आला तसे कमळू निघाले. तिथं पोचले तर संध्याकाळ व्हायला आलेली. वैद्य ओट्यावर बसलेला. त्यानं बाजूला घेऊन सांगितलं, कमळू, आता हिचं काय खरं नाय. आज का उद्या.

आणि म्हातारीनं आतनं ऐकलं. तिचे कान लय तिखट.

म्हणाली, "कमळू, मला घरी ने."

"नेतो आये. सकाळी गाडी जुंपतो."

"सकाळी नाय. आत्ता. मला लेकीच्या घरात मरायचं नाय."

तुम्हांला आता हे नवल वाटेल. पण आमच्या वेळेला लेकीच्या घरचं पाणी पिताना पण आईबाप विचार करायचे. तिथं प्राण सोडायचा म्हणजे काय! जावयाच्या दारातनं आपली तिरडी निघायची? बायजावन्सं रडायला लागल्या, आई, हे पण तुझंच घर. म्हातारी म्हणे, तुझंच आहे गं बाई, म्हणून तर नको. आणि कमळूच्या हाताला जे धरलं, ते सोडायला तयार नाय.

काय करणार? गाडीरस्ता लांबनं, डोंगराला वळसा घालून, पहाट होणार. डोलीला माणसं पायजेत, चार तरी, आणि सगळा गाव लग्नाला गेलेला. शेवटी त्यांनी काय केलं, एक फळी घेतली. फळीला दोर बांधला. म्हातारीला फळीवर बसवली, आपल्या पाठीला तिची पाठ लावली, दोर खांद्यावरनं घेऊन छातीशी गाठ मारली आणि उठले. म्हणजे यांचं तोंड पुढं आणि तिचं तोंड मागं. हे ध्यानात ठेवा, यांना वाट दिसतेय आणि तिला मागचं दिसतंय.

निघताना बायजावन्संनी एकच सांगितलं, "दादा, वाटेत तिला खाली ठेवू नको हं."

का ते कळलं ना? आजारी माणूस खांद्यावरनं नेताना वाटेत जमिनीला टेकवत नायत. वाटेत टेकवतात कुणाला? तिरडीला. मसणात जाताना मधे खाली ठेवतात, खांदेकरी बदलतात, त्याला विसावा म्हणतात. जिवंत माणसाचा विसावा करायचा म्हणजे त्याला वाट दाखवायची. म्हणून कमळूनं बहिणीला शब्द दिला. म्हणाले, दारात नेऊनच टेकवीन.

आणि घेतली जुनी लायन. दुसरं काय घेणार? पायवाटेला उभा चढ. लायनीचा कसा, हळूहळू चढत जाणारा. ओझ्याच्या माणसाला बरा.

तर चालताहेत. अंधार पडला. खडी करकर वाजतेय. म्हातारी वजनाला काय नव्हती, पण चढात काय होतं, मोतीराम, तुला माहीत आहे. दोर खांद्यात रुतायला लागला. गुडघे बोलायला लागले. दोन दिवस शेतात राबलेला माणूस, त्यावर घाट उतरून आलेला, आता परत चढतोय. मला ते नेहमी म्हणायचे, चांगुणे, असा दमलो होतो ना की डोळ्यांत पाणी आलं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

आणि तेवढ्यात मागनं कुणीतरी हात लावला.

लावला म्हणजे काय, पाठीवरचं ओझं हलकं झालं. आपण ओझेकरी माणसं. घाटात कुणी दमलेला दिसला तर मागचा माणूस न बोलता त्याच्या ओझ्याला हात देतो, जरा रेटा देतो. पुढचा वळून बघत नाय. वळला तर ओझं कलंडायचं. तो नुसतं म्हणतो, रेट बाबा. तसं कमळू म्हणाले.

"बरं झालं आलास. रेट बाबा."

झालं! तोंडातनं शब्द गेला.

काय सांगू, असं सोपं झालं चालणं! पाय आपोआप पडायला लागले. मानेवर ऊन ऊन वाफ. यांना वाटलं म्हातारीचा श्वास. कोळशाचा वास. यांना वाटलं कुठंतरी भट्टी लावली असेल. माणूस दमला ना, की त्याला सगळं बरंच वाटतं. दमलेल्या माणसाला फसवायला भुताला कष्ट पडत नायत.

मग आवाज. मागं. लांबनं आल्यासारखा.

धप. धप. धप.

"आये, कोण आहे गं मागं?"

म्हातारीनं फळी घट्ट धरली.

"आये?"

"चाल तू," म्हणाली. "बोलू नको. दम जाईल."

ती बघत होती! रेटा लागल्यापासनं बघत होती. पण सांगणार काय? सांगितलं तर पोरगा घाबरून पडेल आणि दोघं घळीत. मला नंतर म्हणाली, चांगुणे, काळं धूड होतं, पाठोपाठ, माझ्या पायाच्या नखाला लागेल इतकं जवळ. चाकं फिरत होती आणि खाली रूळ नव्हते.

पुढं ऐका. कमळूला वाटलं जरा थांबावं. दम नव्हता लागला, पण तहान लागली. थांबायला गेले, तर पाय थांबेनात! टाच रोवली, खडी सरसर सरकली, टाच घसरत पुढं. आता मात्र माणूस हबकला.

"ए, कोण आहेस? सोड! पुरे!"

मागनं उत्तर आलं ना. शिट्टी! कानाचे पडदे फाटतील अशी. आणि उजेड पडला. मागनं. यांची सावली पुढं पडली, लांबच लांब, दोन डोक्यांची, खडीवरनं पुढं पुढं धावणारी. आणि आवाज बिनसला. धपधप, धप, धपधप. जावांचं भांडण लागलं. पुढची रेटा मारी तर कमळू धडपडत जात, मागची मारी तर म्हातारी गचका खाई. तिला खोकला लागला. खोकता खोकता ती यांना सांगायला लागली.

"कमळू, इंजिन आहे रे. जावा आहेत."

"देवा, देवा, देवा!"

"देवाला नंतर. मला खाली ठेव."

"काय?"

"खाली ठेव मला!"

आता बघा माणसाचं. मरण पाठीशी लागलंय, आणि हे म्हणतात काय, "नाय ठेवणार. वाटेत ठेवू? तुझा विसावा करू, आये?"

"अरे मी मेले नाय अजून, विसावा कसला! ठेव!"

"बायजाला शब्द दिलाय."

"बायजा काय इथं रेटतेय?"

पळता पळता भांडताहेत मायलेक! मला हसू पण येतं आणि रडू पण येतं. आमच्या घरातली माणसंच तशी, यमासमोर पण आपलं खरं करतील.

आणि वरचं वळण आलं. तुम्हांला माहीत आहे, तिथं आपल्या गावाची पायवाट डावीकडं फुटते, आणि लायन जाते सरळ. सरळ म्हणजे कुठं? पुलावर. आणि पूल तर नाय! कमळूनं अंग डावीकडं टाकलं. नाय वळलं. झुडपाला हात घातला, झुडूप मुळासकट हातात आलं. समोर खडी संपताना दिसतेय, त्यापुढं काळोख. गार वारा खालनं वर येतोय.

तेव्हा म्हातारी बोलली. आता ओरडली नाय. हळू बोलली. यांच्या कानाशी तिचं डोकं टेकलेलं.

"कमळू, बाळा, ते वाईट नाय रे. दमलंय ते. त्याला पोचलो म्हणून कुणी सांगितलंच नाय. ओझं दिसतंय तोवर ते रेटणार. त्याला काय ठाऊक मी तुझी आई आहे? त्याला मी ओझं. उतरव ओझं."

यांच्या डोळ्यांतनं धारा लागल्या. म्हणाले, "आये, तू मरशील गं."

"घरी जाऊन मरेन. ठेव म्हणते ना."

आणि ते बसले. नुसते गुडघ्यातनं खाली बसले, मागं. फळी खडीवर टेकली. गाठ ओढली. दोर सुटला, म्हातारी मोकळी झाली. यांचे पाय कडेच्या पलीकडं लोंबत होते म्हणाले. पायाखालचा एक दगड सुटला, तो खाली पडल्याचा आवाज आला नाय.

आणि रेटा थांबला.

धप. धप. मग एकच. धप. मग मोठा सुस्कारा, वाफेचा, अंगावरनं गेला, सगळं ओलं. म्हातारी त्याच्याकडं तोंड करून बसलेली. तिनं हात वर केला, असा, गाडीला दाखवतात तसा. म्हणाली, "पोचलो बाबा. जा आता."

शिट्टी झाली. आखूड. आणि ते उजेडासकट मागं मागं गेलं, उतारानं, वळणापलीकडं. रिकामं.

संपलं वाटलं ना? तसं यांना पण वाटलं. कडेपासनं सरपटत मागं आले, म्हातारीला कुशीत धरली, रडले पोटभर. मग म्हणाले चल आये, गाव समोरच आहे. फळी उचलली, तिला बसवली, दोर खांद्यावर घेतला, आणि कंबर उचलली मात्र! खालच्या वळणाशी शिट्टी. परत निघालं ते! ओझं उचललेलं त्याला कळलं.

टाकली फळी. आवाज बंद.

आता काय करता? उचलायचं नाय. आणि सकाळ होईस्तोवर तिथं बसायचं, तर म्हातारीचा घसा घरघरायला लागलेला. यांनी कपाळाला हात लावला.

म्हातारी म्हणाली, "मला उभी कर."

"आये, तुला बसता येत नाय."

"उभी कर. हाताला धर, उचलायचं नाय."

आणि चालली! ज्या बाईला कूस बदलायला माणूस लागत होतं, ती चालली. दोन पावलं टाकी, उभी राही, श्वास घेई. परत दोन. मधे बसायची, जमिनीवर, खुशाल. परत उठायची. ती पायवाट तुम्ही विडी ओढता ओढता चालून येता. तिला अख्खी रात्र लागली.

मी अंगणात सडा टाकत होते. तांबडं फुटलं होतं. बघते तर वाटेवर दोघं. मला वाटलं माझेच डोळे बिघडले. धावले, म्हटलं सासूबाई, या, हात धरते. तर मला म्हणते कशी, "हात नको लावू. एवढी आलेय तर उंबरा पण मीच ओलांडीन."

ओलांडला. आत आली. आपल्या गोधडीवर बसली. "चांगुणे, चहा टाक, गूळ जास्त घाल." बशीतनं प्याली. सगळं मला सांगितलं तिनं, खोकत खोकत. आमचं दोघींचं आयुष्यभर कधी धड जमलं नाय, पण त्या दिवशी माझा हात हातात धरून सांगितलं. मग म्हणाली, आता मात्र दमले गं. आता उठवू नका.

दिवेलागणीच्या आत गेली. आपल्या घरात.

आता पुढचं सांगते आणि संपवते. गाव काय बोलायला कमी करतं? म्हणाले, यानं वाटेत खाली ठेवली म्हणून मेली. बायजावन्संनी तर वरीसभर भावाशी बोलणं टाकलं. आणि कमळूनं ते मनाला लावून घेतलं. लय वर्षं. रात्री उठून बसायचे. चांगुणे, मी ठेवायला नको होती का गं? मी दरवेळी सांगायची, कंटाळा येईस्तोवर सांगायची, अहो, ठेवली म्हणून घरी पोचली. पाठीवरच धरून बसला असता तर दोघं घळीत असता आणि मी इथं कुंकू पुसून बसले असते. ऐकायचे. मान हलवायचे. दोन दिवसांनी परत तेच. शेवटच्या आजारात पण विचारलं. मी म्हटलं, पोचली हो ती. तुम्ही पोचवलीत. तुमचं काम झालं. तेव्हा कुठं डोळे मिटले त्यांनी.

म्हणून सांगते, मोतीराम. त्या लायनीनं जायचं नाय. पत्रे बैलगाडीनं येऊ देत, एक दिवस उशीर झाला तर घर काय पळून जात नाय. आणि एवढं सांगून पण गेलासच, माझ्या मेलीचं न ऐकता, आणि चढात तुझं ओझं एकदम हलकं झालं, तर ‘रेट बाबा’ म्हणू नको. मागं बघू नको. शहाणपणा नको. डोक्यावर जे असेल ते तिथंच खाली ठेव. बाप असला तरी ठेव, आई असली तरी ठेव. आणि मोठ्यानं सांग, पोचलो.

उठा आता. शेंगा झाल्या माझ्या.